ऊन दाखवलेली पुस्तकं

काढणी होऊन माल घरात आला आणि आभाळ बसलं. पाऊस म्हणावा तर पडेना, ऊन म्हणावं तर निघेना. नुसतं मळभ. धुतलेले कपडे दोरीवर ओलेच्या ओले, मिठाला पाणी सुटलेलं, काडी ओढून ओढून गूल झडायचा पण पेटायची नाही. माणसं उगाच एकमेकांवर खेकसत होती. धाकट्या सुनेचा तर पाय कुठंच ठरत नव्हता. घरात असली की वाचनालयाकडे जीव ओढायचा, आणि वाचनालयात बसली की घरी थोरली जाऊ काय म्हणत असेल ते इतक्या लांबून कानात वाजायचं.

"पुस्तकं काय उठून पळतात?" थोरली म्हणायची.

"पळत नाहीत, ताई."

"मग तू कशाला पळतेस? शेंगांचा ढीग पडलाय इथं. तुझं बरं आहे बाई, सावलीतली नोकरी. आम्ही आहोतच उन्हात."

"ऊन आहे कुठं?" धाकटी म्हणाली, आणि थोरलीला नको असताना हसू आलं. मग हसल्याचाच राग येऊन तिनं सूप जोरात आपटलं.

थोरलीचंही खोटं नव्हतं. तिचा नवरा लांब कामाला, वर्षातून एकदा तोंड दाखवणारा. शेतात राबायला ती, धाकटी आणि धाकटीचा नवरा. त्यातली धाकटी सकाळी अन् संध्याकाळी वाचनालय उघडायला जायची. तेवढ्या वेळात शेंगांचं एक सूप तरी मागं राहायचंच.

वाचनालय म्हणजे धान्याच्या वखारीमागची एक खोली. पुढं मोठा वजनकाटा टांगलेला, त्याच्यामागून पोत्यांच्या कडेकडेनं अंग चोरून जायचं, मग दार. खोली वखारवाल्याची, म्हणून अध्यक्षही वखारवालाच. गाव त्याला 'काटा' म्हणायचं, आणि तोंडावर 'अध्यक्ष'. धाकटी तिथं लागली ती झाडलोट करायला. मग आधीचा माणूस सोडून गेला, तशी पुस्तकं देणं-घेणं तिच्याकडे आलं. केरसुणी मात्र गेली नाही. तीही राहिली. तरी तिला ते काम आवडायचं. कुणी पुस्तक परत आणलं की ती आधी त्याचा वास घ्यायची. कोणत्या घरात चुलीजवळ वाचलं, कुठं तेलाच्या हातानं, हे तिला वासावरून कळायचं. जिल्ह्याच्या गावी ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग असतो, तो केला की माणूस खरा ग्रंथपाल होतो, कायमची जागा मिळते, हे तिला कळलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात ते एकच होतं. पण घरी तिनं त्याचा शब्द काढला नव्हता. ऐन पेरणीत वर्ग सुरू होतो. काढायचा कोणत्या तोंडानं?

त्या दिवशी तिनं खालच्या फळीवरून एक जाडं पुस्तक ओढलं आणि तिच्या पायांवर पीठ सांडलं. बारीक, तपकिरी. ते काय आहे हे तिला बघावंही लागलं नाही, पायाच्या बोटांनाच कळलं. धान्य पोखरलं की असंच पीठ पडतं. तिनं दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. खालच्या दोन्ही फळ्यांना कसर लागली होती. चंदेरी अळ्यांसारखे किडे पानांतून सुळकन आत पळाले.

तेवढ्यात अध्यक्ष दारात आले. तिनं पदरानं पीठ पुसलं.

"बाई, तपासणीला येणार आहेत पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. "पुस्तकं नीटनेटकी दिसली तर आपलं वाचनालय वरच्या वर्गात जातं. पूर्ण वेळची जागा निघते. आणि एका माणसाला शिक्षणवर्गाला पाठवायचं. तुलाच पाठवायचं म्हणतोय मी."

धाकटीनं खाली उरलेलं पीठ पायानं फळीखाली सारलं.

"आणि नाही दिसली नीट, तर वाचनालय बंद. मला काय, पोत्यांना जागा पाहिजेच आहे." अध्यक्षांनी खोलीवर एकदा नजर फिरवली, किती पोती मावतील ते बघितल्यासारखी. "सांगायचं काही आहे का?"

"नाही," ती म्हणाली. पिठाचा पदर तिनं मुठीत घट्ट धरला होता.

घरी आल्यावर तिनं पाणी ओतलं ते हंड्याच्या बाहेर. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" तिनं सांगितलं. तो खांबाला टेकून ऐकत राहिला आणि मग उगाच कुऱ्हाडीचा दांडा हलवून बघू लागला. कोड्यात पडला की त्याला काहीतरी घट्ट करावंसं वाटायचं.

सासू कोपऱ्यात माळ ओढत बसली होती. शेवटचा मणी सरकवून तिनं माळ कपाळाला लावली आणि म्हणाली, "त्यात रडायचं काय? दाण्याला कीड लागली तर आपण काय करतो? ऊन दाखवतो. राख घालतो. डाळीला तेलाचा हात फिरवतो. पुस्तक म्हणजे तरी काय? कागद झाडाचाच ना?"

"पण आई, ऊन कुठंय?"

"देईल देव. मागून तर बघ."

देवानं दिलं. दुसऱ्याच सकाळी मळभ फाटलं आणि असं कडक ऊन पडलं, की अंगणातल्या चिखलातून वाफा निघाल्या. सगळ्या गावानं साठवलेलं ओलं बाहेर काढलं. नवऱ्यानं गाडी जुंपली आणि वाचनालयाच्या दाराला लावली. पुस्तकं पोत्यात भरून खळ्यावर आली. नुकतंच सारवलेलं खळं, त्याच्यावर गोणपाटं, गोणपाटांवर पुस्तकं, पानं उघडी करून, आभाळाकडे तोंड करून. बघणाऱ्याला वाटावं, पांढऱ्या पक्ष्यांचा थवाच उतरलाय.

थोरली बडबडत आली, पण आली. शेंगा खाली-वर करतो तशी तळव्यांनी पुस्तकं खाली-वर करू लागली. मधेच एका चित्रापाशी थांबली.

"हे काय गं?"

"समुद्रातला मासा आहे, ताई. देवमासा."

"एवढा? आणि खातो काय?"

"खाली लिहिलंय."

थोरलीला अक्षर लावून लावून वाचता येत होतं, पण चारचौघांत लावायची लाज वाटायची. तिनं पुस्तक उलटं ठेवलं. "खात असेल काहीतरी. आपल्याला काय, आपल्या घरी जेवायला थोडाच येतोय."

किडे खरंच पळाले. उन्हात चरचरून पानांतून बाहेर पडले, मातीत गेले. सासूनं राख चाळून आणली, पानापानांत भुरभुरवली. आणि सगळ्यांची पाठ वळल्यावर एरंडेलाची वाटी घेऊन डाळीला लावते तसा तेलाचा हात पुस्तकांच्या पाठींवरून फिरवला. चांगल्या, कापडी पाठी असलेल्या पुस्तकांना जरा जास्तच. दुपारी सगळी सावलीला टेकली, तेव्हा धाकटीला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास आला.

ऊन कललं तशी ती गोळा करायला गेली. पहिलं पुस्तक उचललं, तर पुठ्ठे बाहेरच्या बाहेर वळलेले, उकललेल्या शेंगेसारखे. दुसरं उचललं, तर पानांचा गठ्ठा हातात आणि पाठ खाली. तिसऱ्याची पाठ तेलानं काळी झालेली, आणि तेल आत उतरून पहिल्या पानावरच्या नावापर्यंत गेलेलं. तिनं एकेक उचलून पाहिलं. खळ्यावर वारा सुटला आणि सुटी पानं बांधाकडे पळायला लागली. नवरा त्यांच्यामागं धावला. थोरलीही धावली. पुस्तकं उठून पळत नाहीत असं म्हणणारी थोरली काटेरी कुंपणात हात घालून पानं काढत होती.

सासूच्या हातात अजून वाटी होती.

"डाळ कशी टिकते गं तेलानं," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता.

सकाळ होताच धाकटी बिघडलेल्यातली चार पुस्तकं फडक्यात बांधून बाजाराच्या गावी बांधणीवाल्याकडे गेली. वर्षातून एकदा वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्याच्याकडे जायची. म्हातारा ओट्यावर बसून पुठ्ठा कापत होता. त्यानं एक पुस्तक हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि तिच्याकडे बघितलं.

"एरंडेल?"

तिनं मान खाली घातली.

"आणि उन्हात तळलीस. पुस्तकाला सावलीत वाळवायचं असतं पोरी, वाऱ्याला. चिकटवायची कणकेची खळ आहे ही, उन्हात तडकून सुटणार नाही तर काय? आणि राख कशाला? बी आहे का हे, पुढच्या वर्षी पेरायला?"

"आम्हाला तेवढंच येतं, काका."

म्हाताऱ्यानं पुठ्ठा बाजूला ठेवला. "माझ्याकडं आणून टाकशील तर पेरणी उलटून जाईल. माझा हात आता चालत नाही तसा. बस इथं. हात दाखव."

तिनं हात पुढं केले. काढणीनं भेगाळलेले, बोटांच्या पेरांत काळं भरलेलं.

"हे हात पान फाडतील. आधी वाळूनं घास."

दुपार होईस्तोवर त्यानं तिला खळ शिजवायला लावली. पातळ, गुठळी न होता, आणि उतरवल्यावर त्यात मोरचुदाची निळी पूड. "विष आहे. हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. पण ही पूड नसली तर कीड पुन्हा येणार. कीड बाहेरून येते असं वाटतं माणसाला. ती खळीच्या वासानं येते आणि खळीतच घर करते." पाठीला दोरा कसा घ्यायचा, पुठ्ठा ओलसर करून कसा सरळ करायचा, तेलाच्या डागावर खडूची भुकटी कशी दाबून ठेवायची, सगळं त्यानं चिडत चिडत दाखवलं. "आणि चिकटवलं की वजन. हलवायचं नाही. वाळेस्तोवर उचलून बघायचं नाही. तुमच्यासारख्यांना तेच जमत नाही. सारखं उचलून बघायचं असतं."

निघताना तिनं काय द्यायचं विचारलं, तर म्हणाला, "पुढच्या खेपेला उन्हात घालू नकोस, एवढंच दे."

मग घर म्हणजे बांधणीचा कारखाना झालं. चुलीवर जेवणाआधी खळ. नवरा पाठीला दोरा घालायला शिकला. जनावरांच्या दाव्याची गाठ मारायची त्याला सवय, म्हणून त्याची शिलाई तुटायची नाही, पण दिसायची मात्र दाव्यासारखीच. सासू खडू कुटायची, आपल्या तेलाचे डाग शोधून शोधून त्यांवर दाबायची. आणि वजनं? बियाण्याची पोती पुस्तकांवर आली. जात्याची तळी आली. नांगराचा फाळ, पाटा, पाण्याचा भरलेला हंडा. बसायला जागा उरली नाही. कुणी भिंतीशी टेकायला गेलं, की धाकटी ओरडायची, "तिथं नको, खाली कादंबरी आहे!"

"जेवायला तरी कुठं बसू?" नवरा म्हणाला.

"उभ्यानं जेवा."

"घोड्यासारखा?"

"घोडे असं विचारत नाहीत," थोरली म्हणाली.

शब्दकोश सगळ्यात जाड, सगळ्यात बिघडलेला, आणि वजनं संपली होती. थोरलीनं त्यावर फळी टाकली आणि स्वतःच फळीवर बसून शेंगा फोडू लागली. "आणा इकडे ढीग," ती म्हणाली. "बसायचंच आहे ना? मलाही जरा सावलीतली नोकरी."

धाकटीला मात्र बसवत नव्हतं. ती उठायची, पोत्याखाली बोट घालून पुठ्ठा चाचपायची, थोरली डोळे वटारायची, की हात मागं. वाळेल की नाही. तपासणीच्या आधी फळीवर जाईल की नाही. वाळलं तरी सरळ राहील की नाही. मोरचुदानं तिच्या नखांच्या कडा निळ्या झाल्या होत्या. घासूनही जात नव्हत्या.

आणि तपासणीच्या बाई एक दिवस आधीच आल्या.

अध्यक्षांनी माणूस पिटाळला. धाकटी धावत वखारीत पोचली, तेव्हा ते काट्यापाशी वाटच बघत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "फळ्या रिकाम्या आहेत. मला ठाऊक आहे तुमच्या घरी काय चाललंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या बाईंना नाही. सांग, वाचकांकडे गेलीत. पुस्तकं बाहेर असली की तपासणारा खूशच होतो. तू काही बोलूच नकोस. मी बोलतो."

तपासणीच्या बाई उंच, पायांत धुळकट बूट, डोळ्यांखाली प्रवासाचा शीण. खोलीत फिरल्या, रिकाम्या फळ्यांवरून बोट फिरवलं.

"एवढी पुस्तकं बाहेर?"

"गावाला वेड आहे वाचनाचं," अध्यक्ष म्हणाले. "काढणी झाली की बघायलाच नको."

बाईंच्या चेहऱ्यावरचा प्रवास जरा हलका झाला. "फार ठिकाणी फळ्या भरलेल्या असतात आणि त्यांवर धूळ. हे बरं वाटलं बघून." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही चालवता? मग वर्गाला ह्यांनाच पाठवा, अध्यक्ष. मी तसं लिहिते."

झालं होतं. जे मागायला दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं, ते तोंड न उघडताच मिळालं होतं. आता फक्त उभं राहायचं होतं. पण पाय जागेवर राहीनात. एक पाय दुसऱ्यावर घासत ती उभी राहिली, हात मागं बांधले, पुढं घेतले, आणि नखांच्या निळ्या कडा तिच्याच नजरेला पडल्या.

"बाई," ती म्हणाली, "पुस्तकं वाचकांकडे नाहीत. माझ्या घरी आहेत. कसर लागली होती, मी उन्हात घातली. बिघडली."

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी लिहिणं थांबवलं. चेहऱ्यावर मघाचा प्रवास परत आला, आणि त्याच्यावर राग. "चला. दाखवा," एवढंच म्हणाल्या.

घरात पाऊल टाकताच त्या दारातच थांबल्या. पोती, जातं, फाळ, हंडा, आणि प्रत्येकाखालून डोकावणारी पुस्तकाची कड. मधोमध फळीवर बसलेली थोरली.

थोरलीनं उठल्यासारखं केलं, मग पुन्हा बसली. "बाई, उठता येणार नाही मला. खाली शब्दकोश आहे. ओला आहे अजून."

बाई तिला वळसा घालून पुढं गेल्या. त्यांनी पोत्याखालचं एक पुस्तक काढायला लावलं, पाठ बघितली, शिलाई बघितली. "ही गाठ कसली?"

"बैलाची," नवरा म्हणाला.

बाईंनी आणखी काही पुस्तकं बघितली. काही सरळ झाली होती, काही नाही, काही कधीच होणार नव्हती. त्यांनी सगळं लिहून घेतलं, काही लपवलं नाही, काही माफ केलं नाही. मग विचारलं, "नुकसानीचं कारण लिहावं लागतं. कुणी केलं हे?"

"मी," धाकटी म्हणाली.

"खोटं बोलते," सासू चुलीपाशी बसून म्हणाली. "तेल मी लावलं. तिला विचारलंही नाही."

"खाली-वर मी केली दिवसभर," थोरली फळीवरून म्हणाली. "चांगली भाजली गेली पाहिजेत म्हणून."

नवरा जागच्या जागी हलला. "गाडी माझी होती."

बाईंनी एकेकाकडे बघितलं आणि लेखणी खाली ठेवली. "एवढ्या माणसांना जागा नाही हो ह्या रकान्यात," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण दाबलं काहीतरी. मग धाकटीला म्हणाल्या, "वर्ग पेरणीत सुरू होतो. तीन महिने. आता कुणाला पाठवतील ते मी सांगू शकत नाही. पण तुम्हाला पाठवलं, तर घरचे सोडतील?"

जो प्रश्न तिनं घरात कधी येऊ दिला नव्हता, तो परक्या बाईनं आणून मधोमध ठेवला. नवऱ्यानं कुऱ्हाडीचा दांडा हलवून बघितला. सासूनं माळ उचलली, पण मणी सरकवला नाही. थोरलीनं एक शेंग फोडली. घरात तेवढा एकच आवाज.

बाई गेल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वाचनालय बंद झालं नाही, पण वरच्या वर्गातही गेलं नाही. अध्यक्ष तिच्याशी बोलायचे ते पोत्यांकडे बघून. दुरुस्त झालेली पुस्तकं तिनं डोक्यावरून नेऊन फळ्यांवर लावली. काही वाकडीच उभी राहिली, एकमेकांच्या खांद्याला टेकून. घरी शिक्षणवर्गाचं नाव कुणी काढलं नाही. थोरली तर मुळीच नाही. ती शब्दकोशावरून उठली होती, आणि तो सरळ झाला होता, सगळ्यांत सरळ. धाकटी एकदा पाणी घेऊन आली, तर थोरली देवमाशाचं पान उघडून ओठ हलवत होती. पावलं ऐकून तिनं पुस्तक शेंगांखाली सारलं.

पेरणी आली. जमिनीत ओल चांगली होती. नवऱ्यानं पेरायची तिफण जुंपली. धाकटी तिच्यामागं, दाणे सोडायच्या चाड्यावर मूठ धरून चालू लागली. चालता चालता तिचं लक्ष पुन्हा पुन्हा रस्त्याकडे जायचं, दाणे कमी-जास्त पडायचे, नवरा "हं!" करायचा, ती मूठ सावरायची.

बांधावर अध्यक्ष येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. त्यांच्या चपला कोऱ्या होत्या.

"त्या बाईनं लिहिलंय," ते तिथूनच ओरडले. "जिनं बिघडवली तिला शिकवल्याशिवाय पुढचा पैसा देणार नाही म्हणून! मला सांग, हे शिक्षा आहे की बक्षीस?" मग जरा थांबून, "तुझं नाव दिलंय मी. आजची दुपारची गाडी पकडली तरच. उद्या गेलीस तर जागा नाही."

तिफण थांबली. बैलांनी शेपट्या हलवल्या. धाकटी मूठ तशीच धरून उभी होती. बोटांच्या फटींतून दाणे हळूहळू एकाच जागी सांडत होते. ती नवऱ्याकडे बघेना, थोरलीकडे तर मुळीच बघेना.

बांध खुरपत असलेली थोरली खुरपं टाकून सरळ सऱ्यांतून चालत आली. तिनं धाकटीच्या कमरेची बियांची ओटी सोडली आणि आपल्या कमरेला बांधली. गाठ करकचून ओढली.

"हो बाजूला," ती म्हणाली. "तुझ्या हाताला खळीचा वास येतो. दाणा चिकटतो."

"ताई..."

"किती दाणे सांडलेस बघ एका ठिकाणी. जा. आणि तो मासा काय खातो ते आल्यावर मला विचारायचं. मी सांगीन."

तिनं चाड्यावर मूठ धरली. नवऱ्यानं एकदा मागं बघितलं, तिफणीचा दांडा हलवून घट्ट केला, बैलांना हाक दिली. तिफण चालू लागली. धाकटी पेरलेल्या ओळी चुकवत चुकवत बांधाकडे निघाली. पाय मऊ मातीत रुतत होते, निघत होते. बांधावर चढून तिनं हात झटकले, तर तळव्याला दोन दाणे खरंच चिकटलेले होते. ते तिनं बांधाच्या कडेला मातीत दाबले आणि रस्त्याला लागली.